दोन फेरे हाताने

आधीच माफी मागतो. माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील आणि शब्दही साधेच असतील. पण राजधानीच्या द्वारका भागातल्या आमच्या गॅरेजमध्ये गाड्यांचे काढलेले टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले दातेरी रबरी पट्टे, एका खिळ्यावर टांगतात, आणि जवळजवळ प्रत्येक बेल्टमागे एक किस्सा आहे. खिळा आता वाकलाय!

गॅरेज शिंदेकाकांचं. फौजेत गाड्या दुरुस्त करून रिटायर झालेले. त्यांचे नियम दोनच. बेल्ट बसवला की लगेच चावी मारायची नाही. आधी पान्याने इंजिन दोन फेरे फिरवायचं, मोठ्याने मोजत, आणि बेल्टच्या चाकांवरच्या खुणा पुन्हा जुळल्या का ते बघायचं. दुसरा नियम, ज्याने काम केलं त्याने बेल्टच्या कव्हरच्या आत मार्करने नाव लिहायचं.

मी चार वर्षं इथे आहे. एकाही कव्हरवर माझं नाव नव्हतं. बेल्ट मी चढवायचो, पण शेवटचा हात काका फिरवायचे, म्हणून नाव त्यांचं. "एक तरी मला पूर्ण करू द्या," एवढं म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

* * *

सगळी इंजिनं सारखी नसतात. आमचा सीनियर इरफानभाई म्हणतो, "किसी में हाथ जाता है, किसी में उँगली, और किसी में सिर्फ़ गाली!"

एकदा एका डिझेल गाडीत जागा करायला त्याने इंजिन धरून ठेवणारं माउंटिंग खोललं, पण खाली जॅक लावायला विसरला. इंजिन हळूच एका बाजूला झुकलं.

काका चहा पीत बघत होते. म्हणाले, "थक गया बेचारा. उसको भी चाय दे."

* * *

आर. के. पुरमचे एक साहेब आले. सरकारी नोकरी, बोलणंही तसंच.

"बेल्ट तुटलेला नाही. मग बदलायचं कारण काय?"

काकांनी समजावलं, की चालत्या गाडीत हा तुटला तर आत वॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच खोलावं लागतं.

साहेब म्हणाले, "तुटायला आला की बघू."

"साहेब, तो अर्ज देऊन तुटत नाही!"

* * *

मूळचा पुण्याचा, इथे नोकरीला असलेला एक आयटीवाला व्हिडिओ बघून आला. त्याला टायमिंग बेल्ट आजच बदलून हवा होता. मी लाजत लाजत सांगितलं, "दादा, या इंजिनात बेल्ट नाहीच. चेन आहे."

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "यार, मग चेन काढून बेल्ट टाका ना!"

* * *

मग काकांच्या स्वतःच्या गाडीची वेळ आली. कव्हर काढलं, तर आत काकांचं नाव, इतकं जुनं की शाई पिवळी पडलेली. इरफानभाईने आणि मी एकमेकांकडे बघितलं. दुसऱ्यांना समजावणाऱ्या काकांनी स्वतःचा बेल्ट कित्येक वर्षं बदललाच नव्हता.

काकींची पुण्याची फ्लाइट होती आणि काका त्यांना याच गाडीने सोडणार होते. मी बेल्ट चढवत होतो तेवढ्यात काकी बॅग घेऊन दारात आल्या.

"झालं का रे संदीप?"

"झालं झालं," काकाच म्हणाले. "मार चावी."

मी पाना लावला. एक. दोन. वरची खूण एक दात मागे होती.

काकांनी वाकून बघितलं. "बरोबर तर आहे. मार."

"काका, चष्मा..."

"अरे, फ्लाइट सुटेल! मार म्हणतो ना!"

मी चावी काढली आणि खिशात घातली. का, ते मला अजून सांगता येत नाही.

"नाही मारणार," मी म्हणालो.

इरफानभाईच्या हातातला पाना खाली पडला. काकी म्हणाल्या, "अहो, टॅक्सी बोलवा."

ते टॅक्सीने गेले. मी सगळं परत खोललं, दात जुळवला, दोन फेरे फिरवले. संध्याकाळी काका आले. चष्मा लावला, पाना घेतला आणि स्वतः फिरवलं. "एक... दोन." मग मार्कर माझ्यासमोर ठेवला आणि घरी गेले.

माझे हात ग्रीसने काळे होते, म्हणून मार्करला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेलो, साबणाने दोनदा हात धुतले, आणि काकांच्या नावाखाली माझं नाव लिहिलं.