शेपूट नसलेलं जनावर

मुलांसाठी मी एक कथा लिहिली होती, परग्रहावरची. जमिनीचा तुकडा नाही, जिकडे बघावं तिकडे समुद्र, आणि त्या समुद्रावर राज्य करणारं एक अवाढव्य जनावर. डोकं आमच्या गावच्या सात रस्त्याला तर शेपूट पार नव्या पेठेत, एवढं लांब! नळाला पाणी आलं की पातेल्यांपासून तांब्यांपर्यंत सगळं भरून ठेवणाऱ्या गावात राहून ही बाई समुद्र लिहिते, म्हणून घरचे हसायचे. हसू देत.

मुखपृष्ठासाठी चित्र हवं होतं. वडील म्हणाले, "मी काढतो की." आमचे नाना उभा जन्म चादरींची नक्षी काढत आले. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, मग मागावर मोर उतरायचा. कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि नाना घरी बसले. तेव्हापासून नुसती चिडचिड. आपला हात अजून चालतो, हे त्यांना एकदाचं दाखवून द्यायचं होतं. जुन्या मालकांनीही एक चादर विणून द्यायचं कबूल केलं. तिचाच फोटो मुखपृष्ठावर घ्यायचा ठरला.

"खातंय काय हे?" नानांनी विचारलं.

"समोर येईल ते."

"आन् ह्याला कोण खातंय?"

"कुणीच नाही."

"मजा हाय की लेकाची!"

मग कित्येक दिवस नाना कागदात नाक खुपसून. मी जवळ गेले की कागद पालथा.

चादर आली. मी दारातच उलगडली आणि कपाळावर हात मारला. जनावराला दोन तोंडं! एक इकडे, एक तिकडे, मधे जाडजूड धड, आणि शेपटीचा पत्ता नाही. घोळ लगेच कळला. चादरीवर समोरासमोर मोर येतात ते असेच. नक्षी अर्धीच काढायची, उरलेली अर्धी माग उलटवून विणतो.

"नाना, मोर आहे का हा? शेपटीनं लाटा उठवतो तो, पानभर लिहिलंय मी! एवढं साधं ध्यानात राहिलं नाही?" माझं तोंड एकदा सुटलं की सुटलं.

नानाही चढले. "बरं झालं की! ह्याला पाठच न्हाई. कुठनं बी ये, तोंड समोर. पळशील कुटं?"

माझ्यापेक्षा त्यांचंच जनावर भारी होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "ते असू दे. पण विसरलात, हे कबूल करा की!"

नाना खाटेवर बसले. चादरीची कड बोटांनी चाचपत राहिले.

"विसरलो न्हाई गं. पुरंच काढायला बसलो होतो. निम्म्यात आलो आन् कागदावरची घरं दिसंनात. म्हटलं, उरलेलं माग करंल."

"कधीपासून दिसत नाही?"

"कारखाना सुटायच्या आदीपासनं. चुका व्हायला लागल्या होत्या. कॉम्प्युटरला उगीच शिव्या दिल्या मी. डॉक्टर म्हणतेत, आता नजर अशीच उतरत जाणार."

मला स्वतःची लाज वाटली. रडूच आलं.

"रडतीस काय? चादर कशी झालीय, ते सांग की. मला नुसता काळा पट्टा दिसतोय."

मी त्यांचा हात धरला, एका तोंडावर ठेवला आणि तिथून दुसऱ्या तोंडापर्यंत सगळं जनावर त्यांना सांगितलं.