कानाकडे बघणारा

बेकरीत कामाला असलेला लेक भट्टीत हात भाजून घेईल, ही धास्ती आईची पाठ सोडत नव्हती. त्याच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग लहानपणापासूनच खराब होत गेला होता. डॉक्टरांना ते कळलं तो विशीत आल्यावर. काल ती मुद्दाम बेकरीत गेली. भट्टीच्या बटणावर त्याने खडबडीत पट्टी चिकटवली होती, आणि पाव भाजला की त्याला वासावरून कळत होतं.

"आई, तोंड का पाडलंस?" तो तिच्या कानाकडे बघत म्हणाला.

"तुला दिसलं?"

"कानाकडे बघितलं की नजरेच्या कडेने चेहरा दिसतो. तुझी कुडी पाठ झालीय मला!"

तो हसला. तिला आठवलं, याच तिरक्या नजरेपायी तिने त्याला लहानपणी कितीदा बदडलं होतं: "खोटारड्या, डोळ्यांत बघून बोल!"

ती पाव घेऊन घरी आली. आज दुपारी त्याचं काम सुटलं की फोन करायचा आणि माफी मागायची, असं तिने ठरवलं.