लग्नाची पानं आणि माझं सॉरी

तिनं अम्माच्या मांडीवरचं गाठोडं दोन बोटांच्या चिमटीत उचललं. मेलेलं काहीतरी उचलावं तसं. आणि मागं उभ्या असलेल्या दुसऱ्या हवाई सुंदरीला म्हणाली, "काय काय कचरा घेऊन चढतात गं ही लोकं."

मराठीत म्हणाली. आम्हाला कळणार नाही या खात्रीनं. विमान तिरुचीहून मुंबईला निघणारं, अम्माच्या केसांत अबोलीचा गजरा, आणि आम्ही दोघी तोवर आपापसात तमिळच बोलत होतो. बाहेर आम्ही तमिळच बोलतो. मराठी घरातली.

गाठोड्यात विड्याची पानं होती. पुण्याला माझ्या मामाच्या मुलीचं लग्न होतं. आमच्या तंजावूरच्या मराठी घरात लग्नाची पहिली पानं नवरीची आत्या नेते. स्वतःच्या हातानं. ती जमिनीला लागू द्यायची नाहीत, पायाशी तर नाहीच. अम्मा आत्या. आदल्या दिवशी ती बसनं पापनाशमला गेली, पानमळ्यात बसून एकेक पान निवडलं, ओल्या फडक्यात घातलं, वरून केळीची सोपटं बांधली. तंजावूर ते तिरुची, टॅक्सीत सगळा रस्ता तिनं ते मांडीवर धरलं होतं.

विमान उडताना मांडीवर काही ठेवायचं नाही, हा नियम आहे. मान्य. पुढच्या सीटखाली ठेवा, असं त्या मुलीनं आधी इंग्रजीत सांगितलं होतं आणि अम्मानं मान हलवून नकार दिला होता. पायाशी कसं ठेवणार? नियमाबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या चिमटीबद्दल आहे.

अम्माला सगळं कळलं. आणि तिचा चेहरा उजळला. हेच माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आपल्याला कचरा म्हणतात हे ऐकूनही, मराठी ऐकली म्हणून तिचा चेहरा उजळला.

"कचरा नव्हे गं, बाळे," ती म्हणाली. "अवघी लग्नाची पानं. वर ठेव, पण दडपू नको."

ती मुलगी क्षणभर थबकली. वाटलं, ओशाळली. नाही.

"'अवघी लग्नाची पानं'," तिनं आमचा तमिळ हेल काढून मैत्रिणीला ऐकवलं. "कुठल्या जमान्यातली मराठी ही?"

दोघी हसल्या. मागच्या रांगेतला एक माणूसही हसला. आजूबाजूच्या माना वळल्या.

आता माझी पाळी होती. आमच्या घरात ते ठरलेलंच आहे. बँकेत, दवाखान्यात, कुठल्याही काउंटरवर मला पुढं करतात. तू बोल, तुझं इंग्लिश चांगलं. त्यासाठीच मला इंग्रजी शाळेत घातलं. मला अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते, हे कोणी विचारत नाही. अम्मानंही त्या दिवशी माझ्याकडं पाहिलं.

मी बोलले. स्वच्छ उच्चारात, हसून.

"सॉरी मॅम. शी डझन्ट अंडरस्टँड."

तिला समजत नाही. त्या तिघीचौघींत सगळ्यात जास्त जिला समजलं होतं, तिच्याबद्दल मी हे म्हणाले. एवढं इंग्रजी अम्माला येतं.

त्या मुलीचा आवाज लगेच मऊ झाला. "इट्स ओके, मॅम." मला मॅम मिळालं. माझ्या आईला ही लोकं. गाठोडं तिनं वरच्या कप्प्यात दोन बॅगांच्या मधे घातलं, कोपरानं दाबलं, झाकण लावलं. अम्मानं वर पाहिलं नाही. तिनं हात मांडीवर ठेवले. गाठोडं होतं तिथंच.

विमान वर गेल्यावर अम्मानं पाणी मागितलं. मराठीत, हळू. ती मुलगी "हो" म्हणून गेली. पुन्हा आली तेव्हा अम्मानं पुन्हा मागितलं. थोड्या वेळानं पाणी आलं. एक ग्लास. माझ्यासमोर. "युअर वॉटर, मॅम."

मी घेतला. घसा कोरडा होता. दोन घोट प्यालेही. मग शेजारी पाहिलं. अम्मा खिडकीकडं तोंड करून आवंढा गिळत होती.

ते दोन घोट अजून माझ्या घशात आहेत.

मी बेल दाबली. ती आली. मी म्हटलं, तुमच्या सीनियरला बोलवा. हे मराठीत म्हटलं. घरातल्या मराठीत, त्याच हेलात, जो मी शाळेत मैत्रिणींपासून लपवला, घरी आम्ही तमिळच बोलतो असं सांगून. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. माना पुन्हा वळल्या. वळू देत.

सीनियर बाई आल्या. मी झालं ते सांगितलं. कचरा, नक्कल, पाणी. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "मॅम, ती ते तुम्हाला नाही म्हणाली."

"मला म्हणाली असती तर मी गप्प बसले असते," मी म्हटलं. "माझ्या आईला म्हणाली. तिची माफी मागा. ज्या भाषेत हसलात, त्या भाषेत."

मुलगी माझ्याकडं बघत "सॉरी" म्हणाली.

"मला नको. तिकडं बघा."

ती वळली. "सॉरी, काकू. चुकलं माझं."

अम्मानं मान हलवली नाही. पाणी आलं, ते घेतलं, प्यायली.

मुंबईला कप्पा उघडला. गाठोड्यावर कोणाची तरी चाकांची बॅग. सोपट फाटलेलं, फडकं हिरवं झालेलं. अम्मानं सीटवर बसूनच ते सोडलं आणि चेंगरलेली पानं बाजूला काढत गेली. माणसं खोळंबली. तिनं घाई केली नाही. चांगली उरली ती ओंजळीत मावली. ती तिनं पदरात घेतली.

पुण्याच्या टॅक्सीत मी म्हटलं, "अम्मा, मी बोलले ना तिला."

"बोललीस," ती म्हणाली. "ती पोरगी मला ओळखत नाही. तू ओळखतेस."

आणि पदरातली पानं पुन्हा नीट लावत बसली.

मला देवनागरी हळू वाचता येते, अम्माला अजिबात नाही. म्हणून हे लिहिलेलं तिला मी मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, ते "शी डझन्ट अंडरस्टँड"सुद्धा, न गाळता. तिनं माफ करावं म्हणून नाही. तिनं ऐकावं म्हणून.

घरचे मला यापुढंही काउंटरवर पुढं करतील. जाईन. पण माझ्या माणसांच्या वतीनं माझ्या तोंडून सॉरी निघणार नाही. आणि अम्मा शेजारी असेल तेव्हा आधी ती बोलेल. समोरच्याला कळलं नाही, तर समोरच्यानं पुन्हा विचारावं.