गुडघाभर पाण्याची वस्ती

आमची वस्ती घनसावंगी तालुक्यात, नदीच्या दोन फाट्यांच्या मधोमध. उन्हाळ्यात ती चार वस्त्यांसारखीच दिसते, पण आषाढात नदी भरली की तिचं बेट होतं. मग दवाखाना, बाजार, शाळा सगळं पलीकडे. तिकडे जायचं साधन एकच, गुळाची मोठी कढई. दोन माणसं आत बसायची आणि पोहणारे ती ढकलत न्यायचे.

अशा जागी मुलगी कोण देणार? म्हणून आमच्या पुरुषांनी एक रीत पाडली होती. सोयरिकीचे पाहुणे उन्हाळ्यातच बोलवायचे आणि त्यांनी पाण्याचं विचारलं की बेधडक सांगायचं, "गुडघाभर येतं." आजोबांनी तेच सांगितलं, वडिलांनी तेच. एरवी आमच्या वस्तीचं कशावर म्हणून एकमत होत नाही.

माझ्या थोरल्या भावाचं कुंभार पिंपळगावच्या मुलीशी जमत आलं होतं. दोघांची पसंती झालेली, भाऊ तर हवेतच होता. मुलीचे वडील घर बघायला आले आणि नेमके त्याच दिवशी नव्या पुलासाठी जागेची पाहणी करायला इंजिनिअर साहेब आले. दोन्ही पाहुणे एकाच बाजेवर बसले. मी चहा देत होते.

साहेबांनी विचारलं, "पुराचं पाणी किती चढतं? त्यावरून पुलाची उंची धरायची आहे."

वडिलांनी आधी मुलीच्या वडिलांकडे बघितलं. "गुडघाभर, साहेब."

शेजारच्या काकांनी मान डोलावली. "बराबर. त्याच्यावर बिलकुल न्हाई." साहेबांनी वहीत तसं लिहून घेतलं.

खरं बोलावं तर भावाचं लग्न मोडणार, गप्प बसावं तर पूल पहिल्याच पुरात बुडणार. भाऊ मान खाली घालून अंगठ्याने जमीन उकरत होता, जणू त्यालाच दाखवायला बसवलंय.

तेवढ्यात आई बाहेर आली. पदर खोचलेला, हाताला पीठ. "साहेब, ते खोडा. पूर आला की काठावरच्या बाभळीचा शेंडा तेवढा दिसतो. मलाबी गुडघाभरच सांगितल्तं. पहिल्याच आषाढात कढईत बसून आल्ते."

वडिलांनी चहाच्या कपात तोंड लपवलं. मुलीचे वडील मात्र पोट धरून हसायला लागले. "पिंपळगावच्या बाजारात समद्यांना ठाव हाय तुमचं पाणी! इथं कोण खरं बोलतं, तेच बघून राह्यल्तो. मंग ठरलं. पूल झाला की लग्न."

त्यानंतर भावाने पुलाच्या कामावर जेवढा जीव लावून पहारा दिला, तेवढा जीव अभ्यासात घातला असता तर कलेक्टर झाला असता. पूल चांगला उंच झाला आणि लग्नही दणक्यात झालं.

त्या वर्षी पंचमीला वहिनीचा भाऊ तिला माहेरी न्यायला मोटारसायकलवर आला. खाली नदी दुथडी भरून चाललेली. आमच्या वस्तीवर पंचमीला मुराळी आल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. वहिनीची पिशवी भरता भरता आईचे डोळे भरून आले. लग्न झाल्यापासून एकही पंचमी तिला माहेरी मिळाली नव्हती. मलाही रडू आलं.

वहिनी म्हणाली, "आई, तुमचं माहेर वाटेतच हाय. चला की."

"छे, काहीतरीच," म्हणत आई घरात गेली आणि ठेवणीतलं लुगडं नेसूनच बाहेर आली.

वडील गडबडले. "अगं, मंग माझ्या जेवणाचं?"

वहिनीच्या मागे बसता बसता आई म्हणाली, "पूल हाय की. या जेवायला."