शेवटचा प्रसंग पुन्हा लावला

आज दुपारी मुरबाडला आम्ही बायकांसाठी चित्रपट दाखवला. बाईच्या हक्कांबद्दलचा. तरी आलेल्यांपैकी एकीला तो शेवटपर्यंत पाहता आला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

चित्रपट संपल्यावर मी विचारलं, काय लक्षात राहिलं? सगळ्यांना नायिकेचं भाषण आठवत होतं. टाळ्याही त्यालाच पडल्या होत्या. मी म्हटलं, भाषण राहू द्या, काय दिसलं ते सांगा.

धसईच्या अनुसयाकाकू म्हणाल्या, "शेवटाला ती कामावर निघाली नि नवरा पोराला कडेवर घेऊन दारात उभा. कुणी कायच बोललं नाय."

बरोबर. चित्रपटाने आपलं म्हणणं तिथे सांगितलं, एकही शब्द न वापरता.

तेवढ्यात मागून सारिका म्हणाली, "बाई, मी नाय पायला तो शेवट. पोरगा रडत व्हता, मी बाहेर व्हती."

तिचा नवरा जीप चालवतो. बायकांना त्यानेच आणलं होतं आणि आता जीपमध्ये मोबाइल बघत बसला होता. मी शेवटचा प्रसंग पुन्हा लावायला सांगितला, सारिकाला पुढे बसवलं आणि मुलाला घेऊन जीपपाशी गेले.

"बाई, तो माझ्याकडं नाय राहत."

"घेतल्याशिवाय कसा राहील?"

दारातून काकू ओरडल्या, "घे रे, चावत नाय तो!"

आपण असे कार्यक्रम करतो, तेव्हा आलेल्या बायकांची मुलं कोण सांभाळतं? तुमच्याकडे काय सोय असते, ते खाली लिहा.

आज सुपूर्द केलं ते असं: एक मुलगा, दुधाची बाटली, एक कोरडं दुपटं. घेणाऱ्याने मोबाइल सीटवर ठेवून दोन्ही हातांनी घेतलं.