पाठ बारदाना वजा करत नाई

आमचे इंद्रभान भाऊजी म्हणजे माझे धाकले दीर. तीस वर्षं झाले, बीबी गावच्या बाजारात सोयाबीन, तूर मोजून राह्यले. मापारी माणूस. आता काटे लाईटवर चालतेत, तरी शेतकरी पोतं चढवायच्या आधी म्हणतेत, "भाऊ, जरा हात लावा." भाऊजी पोत्याचे कान धरून उचलतेत, आकडा सांगतेत, अन् काटा मागून तोच आकडा दाखवते.

मी एकदा इचारलं, "भाऊजी, लग्नात नवरी उचलली तवा किती भरली?"

"वयनी, तो माल परत करता येत नोता. मोजून काय फायदा?"

लई कमी बोलतेत, पण बोलले की असं.

त्याईची पोरगी सुचिता दोन वर्षांपूर्वी स्कुटीवरून पडली. पाठीले असा मार बसला की सहा महिने खाटेवर होती. उठली तवा डॉक्टरनं सांगितलं, पाठीवर दोन किलोच्या वर ओझं न्यायचं नाई, नाईतर पुन्हा खाट. अन् देवानं नोकरी कोणती देली? फिरतीची. सुलतानपूरच्या आजूबाजूच्या शाळांत जायचं, पोरांची माहिती लॅपटॉपमधी भरायची. उतरली बसमधून की पायी चाल. लॅपटॉप आपला आपण घ्यायचा.

आम्ही तिघं लॅपटॉप घ्याले मेहकरले गेलो. सुचितानं मोठ्या स्क्रीनचा एक धरला तो सोडेच ना. दुकानदार म्हणे, "एक किलो सातशे ग्राम फक्त. खोक्यावर छापेल हाय."

भाऊजीनं तो तान्हं लेकरू घ्यावं तसा दोन्ही हातावर घेतला. "खरं हाय. एक सातशेच हाय."

पोरगी हसली. मी म्हटलं, झालं, चहा पिऊ.

"अन् बारदाना?" भाऊजी म्हणे.

"कसला बारदाना, काका?" दुकानदार म्हणे.

"याचा चार्जर, बॅग, हिची पाण्याची बाटली, डबा. बाजारात बारदाना म्हणजे रिकामं पोतं, त्याचं वजन वजा होते. पाठ काही वजा करत नाई."

"बाबा, इथी तरी पोते नका काढू," सुचिता म्हणे.

भाऊजीनं ऐकलं नाई. दुकानातली बॅग घेतली, सगळं तिच्यात भरलं, सुचिताची भरेल बाटली अन् डबाबी. पट्टा धरून उचलली, डोळे मिटले. "तीन किलो चारशे."

दुकानदार गालात हसला. मलेच राग आला. माझ्या दिराले हसायचा हक्क माझा हाय, याचा नाई. मी बॅग उचलली अन् बाजूच्या मिठाईवाल्याच्या काट्यावर नेऊन ठेवली. तीन किलो चारशे दहा. मिठाईवाला पेढे बांधायचं इसरला. दुकानदारानं एकदा काट्याकडं पाह्यलं, एकदा भाऊजीच्या हाताकडं. तीस वर्षं त्या हाताले मी चहाचा कप देऊन राह्यली, त्याच्यात काय हाय हे आज दिसलं.

मंग दुकानदारानं गुमान एकामागून एक लॅपटॉप हातावर ठेवले. अकराशे ग्रामचा एक निघाला. चार्जर मुठीत मावेल एवढा.

"स्क्रीन केवढीशी हाय," सुचिताचं तोंड उतरलं.

"अक्षर मोठं करता येते, बाई. पाठ दुसरी येत नाई."

बॅग कापडाची घेतली, बाटली अर्ध्या लिटरची, डबा हातात. एक किलो नऊशे.

चार महिने झाले, पोरगी रोज जाऊन येते, पाठ दुखली म्हणत नाई. पण रोज सकाळी बस यायच्या आधी भाऊजी बॅग उचलून पाह्यतेत, मंगच तिच्या पाठीवर देतेत.

परवा माझ्या डोक्यात किडा वळवळला. शेंगदाण्याचे दोन लाडू फडक्यात बांधले अन् बॅगच्या तळाशी, वायरीखाली दडवले. पाहू म्हटलं.

भाऊजीनं बॅग उचलली. थांबले. बॅगमधी पाह्यलं नाई, माझ्याकडं पाह्यलं.

"ऐंशी ग्राम जास्ती," म्हणे.

मी आभाळाकडं पाहून राह्यली. त्याईनं लाडू काही काढले नाई. बाटली काढली, झाकण उघडलं, दोन घोट पाणी पेले, बाटली परत ठेवली, बॅग पुन्हा उचलली.

"आता बरोबर."