पाहणीआधी बसवलेला पत्रा

वादळाला पाच दिवस झाले होते आणि तापीकाठच्या त्या गावात पाहणीला एकही अधिकारी फिरकला नव्हता. मी एका मदत संस्थेतर्फे घरोघर पत्रकं वाटत होतो. ‘पंचनामा होईपर्यंत पडझडीला हात लावू नका, नाहीतर भरपाई बुडेल,’ हे वाक्य मीच ठळक छापून घेतलं होतं.

एका घरावर पन्नाशीची बाई चढून बसली होती. वादळात उडालेले, शेतातून गोळा करून आणलेले पत्रे दगडाने ठोकून सरळ करायचे आणि बसवायचे, असं तिचं चाललं होतं. खाली उघड्यावर सून भाकरी थापत होती. वाऱ्याने चुलीतली राख पिठात उडत होती.

“मावशी, थांबा. भरपाई जाईल.” मी पत्रक वाचून दाखवलं.

“हाई कोनी लिखं?”

“मी.”

“तुन्हा घरवर काय शे?”

“स्लॅब.”

ती हसली, पण तिचा हात थांबला नाही. “साहेब येई तवय येई, भाऊ. चूल ते रोज पेटाडनी पडस.” मग तिने अंगणात रचलेल्या चुरगळल्या पत्र्यांकडे बोट दाखवलं. “त्या साहेबसाठे ठेयेल शेतस. आते वर ये, धर हाऊ पत्रा.”

मी धरला. घर उघडं ठेवायला लावणारा नियम सरकारचा होता, पण तो दारोदार मी पोचवत होतो. तिचं नाव विचारायचं राहिलं. खाली उतरल्यावर उरलेल्या प्रत्येक पत्रकातलं ते वाक्य मी खोडलं आणि पेनाने लिहिलं: मोडकं पुराव्याला ठेवा, घर आजच शाकारा.